केल ब्रूकच्या दोन खोबणी

पाचव्या फेरीत ब्रिटिश बॉक्सर केल ब्रूकच्या कोपऱ्यातून टॉवेल रिंगमध्ये आला तेव्हा ब्रूक उभाच होता. त्याच्यावर ठोशांचा मारा चालू होता, पण तो पडला नव्हता. हार कबूल केली ती त्याचा प्रशिक्षक डॉमिनिक इंगल यानं. १० सप्टेंबर २०१६, लंडनचा ओटू अरीना. समोर कझाकस्तानचा गेनाडी गोलोव्हकिन होता, तोवर ३५ पैकी ३५ लढती जिंकलेला आणि त्यातल्या ३२ मध्ये सगळ्या फेऱ्या होऊच न दिलेला. ब्रूकही तोवर अजिंक्य होता, पण १४७ पौंडांच्या गटातला. या लढतीसाठी तो दोन गट वर चढून १६० पौंडांत गेला होता.

दुसऱ्या फेरीत त्यानं गोलोव्हकिनला बरेच चांगले ठोसे मारले. साधारण त्याच सुमाराला त्याच्या उजव्या डोळ्याची खोबण मोडली होती, हे लढतीनंतर बाहेर आलं. त्यानंतर त्याला समोर एकाहून जास्त गोलोव्हकिन दिसत होते.

ऐकायला हे गमतीचं वाटतं. डोळ्यांच्या डॉक्टरला त्यात अर्धं निदान सापडतं. माझ्याकडे कुणी तोंडावर मार लागून आला आणि ‘दोन-दोन दिसतंय’ म्हणाला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: एक डोळा झाकल्यावर दुसरं चित्र जातं का? जात असेल तर दोन्ही डोळे आपापल्या परीनं बघताहेत, फक्त एकाच दिशेला बघत नाहीत. म्हणजे एक डोळा जागेवरून हलला आहे किंवा त्याला हलवणारा स्नायू कुठेतरी अडकला आहे. त्यातून वर बघताना दुसरं चित्र जास्त लांब जात असेल आणि त्याच बाजूचा गाल, वरचा ओठ, वरचे दात बधिर असतील, तर स्कॅन हातात यायच्या आधीच खोबणीचा तळ गेला आहे हे कळतं. गालाला संवेदना देणारी नस त्या तळातल्याच खाचेतून पुढे येते.

ही खोबण सात हाडांची मिळून बनते. आतली जागा साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. डोळ्याचा गोळा त्यातले जेमतेम ७ मिलिलिटर घेतो. बाकी चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या. बाहेरची कडा चांगली जाड आणि दणकट. आतल्या भिंती मात्र थक्क करतील इतक्या पातळ. तळाचं हाड सुमारे अर्धा मिलिमीटर, नाकाकडची भिंत त्याहूनही पातळ. शरीरशास्त्रात त्या भिंतीचं लॅटिन नावच ‘कागदी पत्रा’ या अर्थाचं आहे. कवटी उजेडासमोर धरली तर त्यातून प्रकाश आरपार दिसतो.

निसर्गानं इथे कंजूषपणा केलाय असं विद्यार्थिदशेत वाटायचं. आता उलट वाटतं. ठोसा लागला की आतला दाब एकदम वाढतो, आणि डोळ्याचा गोळा फुटण्याआधी हा पातळ तळ खाली गालाच्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, फुटतो. न्यूयॉर्कचे बायरन स्मिथ आणि विल्यम रीगन यांनी १९५७ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. शवाच्या मिटलेल्या पापण्यांवर त्यांनी हर्लिंग या आयरिश खेळातला चेंडू ठेवला आणि त्यावर हातोडी मारली. कडा शाबूत राहिली, तळ फुटला. ‘ब्लो-आउट’ हे नाव त्यांच्याच लेखानं रूढ केलं. दुसरा एक विचार असा, की धक्का कडेवर बसतो, कडा क्षणभर वाकते आणि ती लाट मागच्या पातळ हाडाला मोडते. हा धागा फ्रान्सच्या रने ल फोर यांच्यापर्यंत, १९०१ पर्यंत मागे जातो. माझ्या मते बहुतेक पेशंटमध्ये दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या घडतात आणि ऑपरेशनच्या टेबलावर त्यानं काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो कशानं मार बसला यानं. खोबणीचं तोंड सुमारे ४ सेंटिमीटर रुंद. बॉक्सिंगचा ग्लोव्ह किंवा क्रिकेटचा चेंडू त्यात मावत नाही, तो कडेवर अडतो. स्क्वॉशचा चेंडू बरोबर ४ सेंटिमीटरचा. तो सरळ आत घुसतो आणि डोळ्यालाच चिरडतो. म्हणून दिसायला मऊ असलेल्या त्या काळ्या रबरी चेंडूची मला सीझन बॉलपेक्षा जास्त धास्ती वाटते.

ऑपरेशन करायचं की नाही

खोबण मोडली की लगेच टेबलावर घ्यायचं, असं नाही. एक काळ तसं होतं. मग १९७४ मध्ये शिकागोच्या ॲलन पटरमन यांनी ऑपरेशन न करता थांबलेल्या पेशंटांचा अनुभव मांडला. पुष्कळांचं दोन दिसणं आपोआप गेलं होतं. सूज आणि रक्त साकळल्यामुळे स्नायू आखडतो. ती ओसरली की डोळा पुन्हा फिरू लागतो. तेव्हापासून दोन टोकांच्या मधला रस्ता रूढ झाला: पाच-सात दिवस सूज उतरू द्यायची, परत तपासायचं, आणि करायचंच असेल तर शक्यतो दोन आठवड्यांत उरकायचं. त्यानंतर आतली चरबी हाडाच्या तुकड्यांना चिकटते आणि सोडवणं कठीण होतं.

करायचं कुणाचं? स्कॅनमध्ये स्नायू अडकलेला दिसतोय आणि दोन दिसणं हटत नाही, त्याचं. तळाचा निम्म्याहून जास्त भाग गेला आहे, त्याचं. डोळा २ मिलिमीटरहून जास्त खोल गेला आहे, त्याचं. यातली शेवटची गोष्ट फसवी असते, कारण पहिल्या आठवड्यात सूज डोळ्याला बाहेर ढकलून धरते आणि सगळं समसमान दिसतं. खोबणीत १ मिलिलिटर जागा वाढली तर डोळा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर आत जातो. तीन आठवड्यांनी पेशंट आरशात बघतो आणि विचारतो, ‘डॉक्टर, हा डोळा बारीक का दिसायला लागला?’

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो लहान मुलांचा. मुलाचं हाड कोवळं असतं, मोडून पडत नाही. झडपेसारखं उघडतं आणि स्नायूला चिमटीत धरून परत मिटतं. बाहेरून डोळा पांढरा स्वच्छ, ना काळंनिळं, ना सूज. मूल मात्र वर बघितलं की ओकतं, नाडी मंदावते. ताणलेल्या स्नायूकडून निघालेला निरोप मेंदूत जाऊन थेट हृदयापर्यंत पोचतो. उलट्या बघून सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या माराकडे जातं, मेंदूचा स्कॅन होतो, तो नॉर्मल येतो आणि मुलाला घरी पाठवलं जातं. इकडे स्नायूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. इथे दोन आठवडे नाही, एक-दोन दिवसांतच सोडवावं लागतं. ब्रूकच्या गोष्टीत हे मोडत नाही, पण क्रिकेटच्या मैदानावरून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या आईबापांनी हे माहीत करून घ्यावं म्हणून आडवाट घेतली.

ब्रूक तिशीचा. लढतीनंतर काही दिवसांतच त्याची शस्त्रक्रिया झाली आणि उजव्या खोबणीत टायटॅनियमची प्लेट बसली.

टेबलावर

अशा ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल दिल्यावर पहिलं काम चिरा घेण्याचं नसतं. बारीक चिमट्यानं डोळ्याचा पांढरा भाग खालच्या बाजूला धरायचा आणि डोळा वर फिरवून पाहायचा. भूल दिलेल्या माणसाचा डोळा लोण्यात फिरावा तसा फिरतो. स्नायू अडकला असेल तर मध्येच दोरी ताणल्यासारखा थांबतो. तो अडथळा हाताच्या लक्षात ठेवायचा, कारण शेवटी हीच तपासणी पुन्हा करायची असते.

मग खालची पापणी बाहेर वळवून तिच्या आतल्या गुलाबी पडद्यातून आत शिरायचं. बाहेर त्वचेवर व्रण राहत नाही. त्वचेतून, पापणीच्या केसांखालून जायचीही पद्धत आहे. तिच्यात जागा मोकळी मिळते, पण कधीकधी पापणी नंतर खाली ओढली जाते आणि डोळ्याचा पांढरा भाग उघडा पडतो. हाडाच्या कडेवरचं आवरण कापलं की ते तळावरून मागे सोलत न्यायचं. फुटलेल्या जागी पिवळी चरबी खाली सायनसमध्ये लोंबत असते. ती ओढायची नाही. चपट्या पट्टीनं थोडी उचलायची, खाली पट्टी सरकवायची, परत थोडी उचलायची. खिळ्याला अडकलेला पदर न फाटू देता सोडवावा तसं. गालाची नस इथेच असते, चरबीच्या गुंत्यात ती पटकन ओळखू येत नाही.

खरी कसोटी सगळ्यांत मागे असते. कडेपासून सुमारे साडेतीन सेंटिमीटर आत टाळूच्या हाडाचा एक इवलासा कट्टा बहुधा शाबूत राहिलेला असतो. फुटलेला तळ झाकायला टायटॅनियमची जाळी घालतात, तिचं मागचं टोक या कट्ट्यावर टेकवायचं असतं. कट्ट्याच्या पलीकडे काही मिलिमीटरवर दृष्टीची नस आहे. घाबरून अलीकडेच थांबलं तर जाळी कट्ट्याखाली घसरून सायनसमध्ये जाते. धीटपणानं जास्त मागे गेलं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय तळ काही सपाट फरशी नाही. डोळ्याच्या मागे तो वर उचलला जातो आणि तोच उंचवटा डोळ्याला पुढे धरून ठेवतो. नवशिका सर्जन सपाट जाळी टाकतो, भोक झाकलं म्हणून समाधानी होतो, आणि डोळा आत गेलेलाच राहतो.

जाळी स्वतः फार साधी दिसते. कागदी पंख्यासारखी पसरलेली, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. कात्रीनं कापायची, बोटांनी आणि पक्कडीनं वाकवायची, आत घालून पाहायची, काढून परत वाकवायची. कापलेल्या कडेवर बारीक काटे राहतात आणि ते चरबीला पकडतात, म्हणून कडा गुळगुळीत करण्यात जो वेळ जातो तो वाया जात नाही. पुढच्या कडेला दीड मिलिमीटर जाडीचे एक-दोन स्क्रू. मग पुन्हा चिमटा, पुन्हा डोळा फिरवून पाहणं. आता तो अडता कामा नये. अडला तर सगळं काढून परत.

टायटॅनियमच का? आधीच्या पिढीनं पेशंटचंच हाड वापरलं: कमरेचं, बरगडीचं, कवटीचं. ते शरीराचं आपलं असतं, पण काढायला दुसरी जखम लागते आणि काही महिन्यांत त्यातलं किती विरघळेल याचा नेम नसतो. सिलिकॉनचा पत्रा स्वस्त आणि सोपा. पण शरीर त्याला आपला मानत नाही, त्याच्याभोवती पिशवी तयार करतं, आणि तो वर्षानुवर्षांनी जागा सोडून बाहेर येऊ शकतो. सच्छिद्र पॉलिथिलीनच्या छिद्रांतून शरीराच्या पेशी आत वाढतात, कडा मऊ असतात. पण स्कॅनमध्ये ते नीट दिसत नाही, म्हणजे बसलं कुठे हे नंतर तपासता येत नाही. टायटॅनियम आकार धरून ठेवतं, स्कॅनमध्ये लख्ख पांढरं उमटतं, आणि हाड त्याच्याशी जुळवून घेतं. दोन्हींचे गुण हवेत म्हणून आता पॉलिथिलीनमध्ये मढवलेली टायटॅनियमची जाळीही मिळते. छोट्या भोकाला मी आजही विरघळणारा पत्रा घालतो. प्रत्येक खड्ड्याला काँक्रीट लागत नाही.

पहिली रात्र सर्जनची झोप घालवणारी. डोळ्यामागे रक्त साचलं तर दाब वाढून दृष्टीची नस गुदमरते, आणि हातात तास-दीड तासच असतो. म्हणून नर्स तासातासाला पेशंटला उठवून बोटं मोजायला लावते. तो वैतागतो, वैतागू दे. दुखणं एकदम वाढलं, डोळा दगडासारखा कडक लागला, दिसणं कमी झालं, तर स्कॅनची वाट न बघता खाटेवरच पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करायचा.

आणि नाक शिंकरायचं नाही. नाकातली हवा फुटलेल्या भिंतीतून खोबणीत घुसते आणि डोळा क्षणात फुगून मिटतो. बॉक्सिंगच्या कोपऱ्यातल्या जुन्या माणसांना हे चांगलं ठाऊक आहे. खेळाडूच्या नाकातून रक्त येत असलं तरी ते त्याला शिंकरू देत नाहीत.

दुसरी खोबण

साडेआठ महिन्यांनी, २७ मे २०१७ ला, ब्रूक पुन्हा आपल्या १४७ पौंडांच्या गटात, आपल्या शेफील्ड गावात, ब्रॅमल लेनच्या फुटबॉल मैदानावर उतरला. समोर अमेरिकेचा एरल स्पेन्स ज्युनिअर. लढतीआधी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता: उजवा डोळा टिकेल का?

उजवा टिकला. मोडला तो डावा.

लढतीच्या उत्तरार्धात डावा डोळा बंद होत गेला. दहाव्या फेरीत ब्रूक एकदा खाली गेला, उठला. अकराव्यात त्यानं गुडघा टेकला आणि दहा आकडे होईपर्यंत उठलाच नाही. जागतिक विजेतेपद गेलं. घरच्या मैदानावर गुडघा टेकला म्हणून लोकांनी नावं ठेवली. ही शेरेबाजी मला कायम अडाणीपणाची वाटत आली आहे. २०२० मध्ये जो जॉइससमोर डॅनियल डुबॉयनं दहाव्या फेरीत असाच गुडघा टेकला, त्याचीही डावी खोबण मोडली होती, आणि त्यालाही पळपुटा म्हणणारे माजी खेळाडू होते. दोन प्रतिमा दिसत असताना कोणत्या मुठीला चुकवायचं हे धैर्य ठरवत नाही. तुटलेल्या तळावर पुढचा ठोसा बसला तर तो कुठवर जाईल, हेही नाही.

ब्रूकवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणून मला या प्रकरणात सगळ्यांत रस आहे तो या दुसऱ्या वेळी.

कारण आता बऱ्याच ठिकाणी जाळीचा आकार नुसत्या नजरेनं ठरत नाही. पेशंटचा एकेक मिलिमीटरचे छेद घेतलेला सीटी स्कॅन संगणकात घालतात, चांगल्या बाजूच्या खोबणीची आरशातली प्रतिमा काढतात आणि ती मोडलेल्या बाजूवर बसवतात. त्याबरहुकूम प्लॅस्टिकचं मॉडेल छापून त्यावर जाळी वाकवतात, किंवा थेट त्याच मापाचं इम्प्लांट छापून घेतात. सगळी भिस्त एका गृहीतावर: दुसरी बाजू अभंग आहे.

ज्याची दुसरी बाजू आठ-नऊ महिन्यांपूर्वीच दुरुस्त झाली आहे, त्याचा आरसा कुणाकडून आणायचा? आधीची दुरुस्ती अर्धा मिलिलिटर जरी इकडेतिकडे झाली असेल, तर तिची नक्कल करताना ती चूकही दुसऱ्या बाजूला जाते. याचा एक फायदा असा, की दोन्ही डोळे सारखेच आत गेले तर चेहरा वाकडा दिसत नाही; हे मी अर्धवट गमतीनं म्हणतोय, पण अर्धवटच. अशा वेळी जुना, दुखापतीपूर्वीचा कुठला स्कॅन आहे का ते शोधतात. नसेल तर पुष्कळ माणसांच्या स्कॅनवरून काढलेल्या सरासरी आकाराच्या तयार प्लेट असतात, त्यांतली जवळची निवडून कापतात. डोळा किती पुढे आहे हे हर्टेलच्या मापकानं दोन्ही बाजूंना मोजतात, पण हे यंत्र खोबणीच्या बाहेरच्या कडेवर टेकतं आणि आकडे एकमेकांशीच ताडायचे असतात. दोन्ही बाजू बदललेल्या असतील तर ते आकडे जुन्या फोटोंशी जुळवावे लागतात. लग्नाचा अल्बम घेऊन या, असं मी पेशंटला सांगतो तेव्हा त्याला वाटतं डॉक्टरांना गप्पा मारायच्या आहेत.

उजवी बाजू का टिकली याचं सोपं उत्तर ‘धातू हाडापेक्षा मजबूत’ असं दिलं जातं. मला ते पटत नाही. तळ फुटतो म्हणून डोळा वाचतो हे खरं असेल, तर तिथे न फुटणारी भिंत बसवल्यावर पुढचा जोरदार मार डोळ्यालाच सोसावा लागणार. शिवाय वाकलेली जाळी मागे सरकली तर ती कोणत्या दिशेला जाते हे वर सांगितलंच आहे. म्हणून कामधंद्याला, मोटारसायकलीला, पोहायला परत जा असं मी सहज म्हणतो. अंगावर धडका बसणाऱ्या खेळाला निदान दीड-दोन महिने नाही म्हणतो. आणि ठोसे खाण्याच्या धंद्यात परत जा असं मनापासून कधी म्हणू शकलो नसतो. मेक्सिकोच्या अँटोनियो मार्गारिटोची उजवी खोबण नोव्हेंबर २०१० मध्ये मॅनी पॅकियाओनं मोडली. त्या डोळ्याचं पुढे मोतिबिंदूचंही ऑपरेशन झालं. डिसेंबर २०११ च्या लढतीचा परवाना देताना न्यूयॉर्कचा आयोग शेवटपर्यंत घुटमळत होता. परवाना मिळाला, आणि तोच डोळा सुजून बंद झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानं लढत थांबवावी लागली.

ब्रूकनं मात्र मार्च २०१८ मध्ये शेफील्डलाच पुनरागमन केलं आणि सर्गेई राबचेंकाला दुसऱ्या फेरीत संपवलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर तो एकूण पाच लढती खेळला. त्यातल्या चार जिंकला, टेरेन्स क्रॉफर्डसमोरची एक चौथ्या फेरीत हरला. शेवटची १९ फेब्रुवारी २०२२ ची, मँचेस्टरला, आमिर खानशी. वर्षानुवर्षं लांबलेला तो सामना सहाव्या फेरीत पंचांनी थांबवला तेव्हा मारणारा ब्रूक होता. मे महिन्यात त्यानं ग्लोव्ह खाली ठेवले. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

ओपीडीत जाळी घातलेला प्रत्येक पेशंट दोन प्रश्न हमखास विचारतो. विमानतळावर वाजेल का? सहसा नाही, धातू अगदी थोडा असतो, आणि टायटॅनियम असताना एमआरआयही करता येतो. आणि ही काढायची कधी? काढायची नाही. त्रास दिला नाही तर ती कायम तिथेच राहते.